तीन छप्पन्न

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४.२१. कोयनानगर
*२५ वर्षं ९ महिने आधी*

कोयना धरणाच्या पायथ्याशी जमीन हादरते. तीव्रता साडेसहाच्या आसपास, बळी दोनशेच्या घरात. माणसं झोपेत असतात.

शास्त्रज्ञ धरणात साठलेल्या पाण्याकडे बोट दाखवतात. कोयनेच्या खोऱ्यावर भूकंपमापक यंत्रांची कायमची नजर राहते. राज्याच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं: भूकंप म्हणजे कोयना. उरलेला महाराष्ट्र काळ्या कातळावर उभा आहे आणि तो कातळ हलत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बारामतीतून २६ वर्षांचा एक तरुण पहिल्यांदा आमदार झालेला असतो. शरद गोविंदराव पवार. १८ जुलै १९७८ ला ते मुख्यमंत्री होतात, वय ३७. पुढे १९८८ मध्ये पुन्हा. जून १९९१ पासून ते दिल्लीत संरक्षणमंत्री.

दरवर्षी, मृगाच्या आधी. तेरणाकाठ

लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची ही गावं. किल्लारी, सास्तूर, होळी, तळणी, मंगरूळ, राजेगाव. जमीन काळी, घरं दगडाची.

भिंत दोन ते तीन फूट जाड, वाड्यांची त्याहून जाड. बाहेरच्या अंगाला मोठे दगड, आतल्या अंगाला मोठे दगड, मधल्या पोकळीत बारीक दगडगोटे आणि चिखल. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार लांब दगड सहसा नसतो. बाहेरून भिंत एक दिसते, पण आत ती दोन भिंती असते. वर माळवद: लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर माती.

माळवद गळतं. म्हणून पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पसरायचा आणि चोपायचा. जुना थर कुणी काढत नाही. आजोबांची माती, वडिलांची माती, त्यावर यंदाची माती. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती साठली, तर तिचं वजन सहा-सात टन भरतं. हे वजन कुणी करत नाही. उन्हाळ्यात घर गार राहतं, चोरापासून आडोसा मिळतो, गावात पत राहते. ज्याची भिंत जाड, तो घरंदाज.

गावकुसाबाहेर कुडाच्या झोपड्या आहेत. काटक्या, शेणमाती, गवताचं छप्पर. ज्यांना दगड परवडत नाही, ते तिथे राहतात.

नकाशा

देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा अधिकृत नकाशा या काळात पाच भागांचा आहे. पाचवा भाग सर्वांत धोक्याचा, पहिला सर्वांत कमी धोक्याचा. किल्लारी पहिल्या भागात येते.

नकाशात पहिला भाग असला की घरबांधणीचा वेगळा नियम लागत नाही. गवंड्याला कुणी काही सांगत नाही आणि तालुक्याला भूकंपाची तालीम होत नाही.

१८ ऑक्टोबर १९९२. किल्लारी
*३४७ दिवस आधी*

जमीन हलते. तीव्रता चारच्या आसपास, म्हणजे भांडी वाजतील, भिंतींना तडे जातील एवढी. हा एकच धक्का नाही. ऑगस्टपासून परिसरात लहान हादरे बसत आहेत आणि जमिनीखालून गडगडल्यासारखा आवाज येतो, असं लोक सांगतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धक्क्यांची मालिकाच लागते.

माणसं घराबाहेर झोपू लागतात. शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून जातात. नकाशा बदलत नाही. एकाही माळवदावरची माती उतरवली जात नाही.

मग धक्के विरळ होतात. थंडी पडते. बाहेर किती दिवस झोपायचं, हा प्रश्न प्रत्येक घर आपापल्या सोयीने सोडवतं. माणसं एकेक करून आत परततात.

डिसेंबर १९९२ ते जानेवारी १९९३. मुंबई

बाबरी मशीद पडल्यानंतर मुंबईत दोन टप्प्यांत दंगली होतात. श्रीकृष्ण आयोगाच्या हिशोबाने सुमारे ९०० माणसं मरतात. सरकारची सगळी नजर शहरांतल्या संवेदनशील वस्त्यांवर खिळते. किल्लारीच्या धक्क्यांना मुंबईत जागा उरत नाही.

६ मार्च १९९३. मुंबई
*२०८ दिवस आधी*

दंगलींनंतर मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक पायउतार होतात. संरक्षणमंत्रीपद सोडून आलेले शरद पवार मुख्यमंत्रीपदाची शपथ घेतात. त्यांच्यासमोर पहिलं काम ठरलेलं आहे: पुन्हा दंगल होऊ द्यायची नाही.

१२ मार्च १९९३, दुपारी १.३०. मुंबई
*२०२ दिवस आधी*

शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट होतो. पुढच्या दोन तासांत शहरात एकामागून एक स्फोट. बळी २५७.

संध्याकाळी मुख्यमंत्री दूरदर्शनवर बोलतात. झालेल्या स्फोटांच्या यादीत न झालेला एक स्फोट ते घालतात: मशीद बंदर. स्फोट एकाच समाजाच्या वस्तीत झाले, असं वाटू नये म्हणून हे मुद्दाम केलं, असं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दंगल उसळत नाही.

या अनुभवातून शासन एक धडा शिकतं. धोका माणसांच्या गर्दीतून येतो. गर्दी जमली की जागं राहायचं.

२९ सप्टेंबर १९९३, सकाळी ६. महाराष्ट्र
*जवळपास २२ तास आधी*

बुधवार, अनंत चतुर्दशी. दंगली आणि स्फोटांनंतरचं हे पहिलं गणेश विसर्जन. राज्यभर पोलीस बंदोबस्त लागलेला आहे. मिरवणुकीचे मार्ग, मशिदींसमोरून जाण्याच्या वेळा, वाद्यं कुठे थांबवायची, हे सगळं ठरलेलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस अधीक्षक रस्त्यावर आहेत.

शासनाची तयारी चोख आहे. ती विसर्जनासाठी आहे.

दुपारी १२. तेरणाकाठ
*जवळपास १६ तास आधी*

पावसाळा सरत आला आहे. किल्लारीपासून जवळच माकणीला निम्न तेरणा प्रकल्पाचा जलाशय आहे. या पाण्याचा आणि जमिनीखालच्या हालचालींचा काही संबंध होता का, यावर शास्त्रज्ञ पुढे वर्षानुवर्षं वाद घालतील. आज तो प्रश्न कुणाच्याही कागदावर नाही.

गावांत मंडळांची पोरं मिरवणुकीच्या तयारीत आहेत. बाहेरगावी शिकायला, नोकरीला असलेली काही जण सणासाठी घरी आली आहेत. घरं एरवीपेक्षा भरलेली आहेत.

संध्याकाळी ६.२०. सूर्यास्त
*साडेनऊ तास आधी*

चतुर्दशी आणि पौर्णिमेचा सांधा असल्याने चंद्र जवळपास पूर्ण आहे. मिरवणुका निघतात. गुलाल, ढोल, लेझीम.

मुंबईत मलबार हिलवरच्या 'वर्षा' बंगल्यावर मुख्यमंत्री राज्यभरातल्या विसर्जनाचा आढावा घेत आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून 'विसर्जन शांततेत पार पडलं' हा निरोप यायचा आहे. तो येईपर्यंत झोपायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं आहे.

रात्री ९. माढा
*जवळपास ७ तास आधी*

सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर भागात माढा. निंबाळकरांचा जुना किल्ला, माढेश्वरीचं देऊळ आणि बाजारपेठ. किल्लारी इथून जवळपास सरळ पूर्वेला, साधारण ११० किलोमीटरवर. माढ्यातल्या जुन्या आळ्यांतही घरं दगडमातीचीच आहेत.

माढा नावाचा लोकसभा मतदारसंघ अजून कुठल्याही नकाशात नाही. तो २००८ च्या पुनर्रचनेत तयार होईल आणि त्याचे पहिले खासदार हेच शरद पवार असतील, तेव्हा देशाचे कृषिमंत्री. त्या पुढच्या कारकिर्दीतल्या कशाचीही चाहूल आजच्या रात्रीला नाही. माढ्यातही गणपती बोळवले जात आहेत.

रात्री ११. किल्लारी आणि परिसर
*जवळपास ५ तास आधी*

बहुतेक गावांतलं विसर्जन उरकत आलं आहे. नदीकाठाहून, विहिरींवरून माणसं परततात. दिवसभर नाचून, चालून पाय दुखतात. पोरं जेवता जेवता पेंगतात.

कुणी कुठे अंथरूण टाकायचं, हे घरोघरी ठरतं. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया आतल्या खोलीत, कारण तिथे ऊब आहे आणि तिथली भिंत सर्वांत जाड आहे. काही पुरुष शेतावर जातात, काही ओट्यावर आडवे होतात.

वर्षभरापूर्वी असाच निर्णय घेताना लोकांच्या मनात जमीन होती. आज सणाचा शीण आहे.

३० सप्टेंबर, रात्री १. मुंबई
*जवळपास ३ तास आधी*

जिल्ह्यांचे निरोप एकेक करून येत आहेत. विसर्जन झालं, शांतता आहे. यादीतली नावं कमी होत जातात. गडबडीची एकही बातमी नाही.

रात्री २.३०. तेरणाकाठ
*८६ मिनिटं आधी*

किल्लारीच्या खाली काही किलोमीटरवर कातळाचा एक मोठा तुकडा दुसऱ्याला रेटतो आहे. हा ताण किती शतकांचा, हे मोजायला इथे यंत्र नाही. यंत्रं कोयनेला आहेत.

पहाटे ३.४५. मुंबई
*११ मिनिटं आधी*

पवारांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार, शेवटची काळजी परभणीची उरलेली होती. तिथली मिरवणूक लांबली होती. तिथलं विसर्जन संपल्याचं फोनवर कळतं. राज्यात कुठेही दंगल झालेली नाही. मुख्यमंत्री झोपायला जातात.

बंदोबस्तावरचे पोलीस घरी निघतात. कर्तव्यात कुणीही कसूर केलेली नाही.

पहाटे ३.५०
*६ मिनिटं आधी*

गावांत सगळ्यांत गाढ झोपेची ही वेळ आहे. शेतकरी कुटुंबात पहाटे चार-साडेचारला पहिली बाई उठते, चूल पेटते, गुरांचं शेण निघतं. आज सणाच्या जागरणामुळे उठायला उशीर होणार.

पहाटे ३.५६

कातळ सुटतो. तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान. केंद्र उथळ आहे, म्हणून ताकद वाटेत फारशी जिरत नाही.

भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटतात. बाहेरचे गल्लीत पडतात, आतले खोलीत. मधला चिखल धूळ होतो. वरचं माळवद खाली येतं, आजोबांच्या मातीसकट. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहतात. त्या सांगाड्याला भिंती बांधलेल्या नसतात, त्यामुळे तो वाचतो आणि त्याच्या आत कुणी वाचत नाही.

गावकुसाबाहेरच्या कुडाच्या झोपड्या डोलतात आणि बहुतेक उभ्या राहतात.

हादरा मिनिटभरही टिकत नाही.

त्यानंतरची दोन मिनिटं

जमीन जोरात हलवणारी भूकंपाची लाट सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. सोलापूर सुमारे ८० किलोमीटरवर आहे, तिथे ती २५ सेकंदांच्या आत पोचते. माढ्याला अर्ध्या मिनिटात. मुंबई ४०० किलोमीटरवर, तिथे जवळपास दोन मिनिटांनी.

सोलापूर जिल्ह्यात माणसं घराबाहेर धावतात. भांडी पडतात, कुत्री भुंकतात, घरं उभी राहतात.

'वर्षा'वर खिडक्या वाजतात. नुकतेच आडवे झालेले मुख्यमंत्री उठून बसतात. लाट मलबार हिलला पोचली तेव्हा किल्लारीतलं सगळं संपून गेलेलं असतं.

पहाटे ४ नंतर. मुंबई

पहिला विचार कोयनेचा येतो. २६ वर्षं राज्य असंच विचार करत आलं आहे. पवार कोयनेच्या भूकंपमापन केंद्राकडे चौकशी करतात. कोयना शांत आहे. यंत्राने दाखवलेलं केंद्र दुसरीकडेच आहे: लातूर जिल्हा, किल्लारी.

औसा तालुक्यातलं हे गाव राज्याच्या आपत्तीच्या कुठल्याही यादीत नव्हतं.

पहाटे ४ ते ६.२०. तेरणाकाठ

वीज गेली आहे. जवळपास पूर्ण चंद्र पश्चिमेकडे उतरला आहे आणि हवेत माती इतकी आहे की त्याचा उजेड फारसा कामाचा नाही. जे शेतात किंवा उघड्यावर झोपले होते, ते गावाकडे पळत येतात. गल्ल्या उरलेल्या नाहीत, त्यामुळे आपलं घर कोणतं हे ओळखायला वेळ लागतो.

मदतीला हात आणि फावडी आहेत. मातीच्या ढिगाऱ्याखाली हवेला फट राहत नाही. काँक्रीटच्या इमारतीत तुळईच्या कोनात माणूस दोन दिवसही तगतो. इथे पहिल्या तासाचाच हिशोब आहे आणि तो तास अंधारात जातो.

सकाळ. किल्लारी

सूर्य उगवतो आणि गावांचा आकार दिसतो. लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी यांच्या हाताखालची यंत्रणा रात्रभर विसर्जनात होती. तीच आता ढिगाऱ्यांकडे वळते. मुख्यमंत्री विमानाने लातूर गाठून सकाळीच किल्लारीत येतात.

एका गावाची बातमी आली होती. प्रत्यक्षात पाच-पन्नास गावं आहेत. दोन जिल्ह्यांतली ५२ गावं जवळपास पूर्ण पडली आहेत.

दुपार. सोलापूर

जखमींना न्यायला जवळचं मोठं शहर सोलापूर आहे. तिथली रुग्णालयं भरतात. मुख्यमंत्री पुढचे दिवस मुक्काम सोलापुरात ठेवतात आणि तिथून रोज भूकंपग्रस्त गावांत जातात.

मदत पश्चिमेकडून येते. पुण्याहून निघालेला रस्ता माढा तालुक्यातल्या टेंभुर्णीवरून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा असा जातो. त्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीहून लातूरला रेल्वे आहे, पण ती अडीच फूट रुंदीची, जुन्या बार्शी लाइट रेल्वेची. मुंबई-पुण्याहून आलेली मोठ्या रुळांची गाडी इथून पुढे लातूरकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे भार रस्त्यावर येतो. टेंभुर्णीच्या नाक्यावरून ट्रक, रुग्णवाहिका, लष्कराची वाहनं आणि बघ्यांच्या गाड्या एकाच रांगेत सरकतात.

त्याच दिवसांत. एक फोन

पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांना भेट द्यायची आहे. पवार त्यांना लगेच येऊ नका, असं सुचवतात. पंतप्रधान आले की जिल्ह्याची यंत्रणा सुरक्षेत, हेलिपॅडमध्ये आणि राजशिष्टाचारात अडकते. राव ते मान्य करतात आणि काही दिवसांनी येतात. बचावकार्यातला हा लहानसा निर्णय पवार पुढे आपत्तींच्या वेळी इतर नेत्यांना सांगत राहिले. त्यातून मिळालेले तास मोजता येत नाहीत.

पुढच्या दिवसांत पाऊस येतो. ढिगाऱ्यांचा चिखल होतो. सामुदायिक चिता पेटत नाहीत, म्हणून डिझेल आणि रॉकेल लागतं.

आकडे

राज्य सरकारच्या नोंदीत मृत ७,९२८. इतर नोंदींत ९,७४८. दगावलेली जनावरं १५,८५४. दोन आकड्यांमधली तफावत सुमारे १,८०० माणसांची आहे.

याच तीव्रतेचे भूकंप कॅलिफोर्निया किंवा जपानमध्ये होतात तेव्हा बळींची संख्या बहुधा दोन आकडी राहते. किल्लारीसारखा हिशोब दुसरीकडेही लागला आहे. इराणमधल्या बम शहरात २६ डिसेंबर २००३ ला पहाटे ५.२६ वाजता भूकंप झाला. तीव्रता ६.६, घरं कच्च्या विटांची आणि छपरं मातीची. बळी २६ हजारांहून अधिक. तिथेही माणसं झोपेत होती आणि तिथेही वजन डोक्यावर होतं.

१९९४ ते १९९९. पुनर्वसन

जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकार मोठा पुनर्वसन प्रकल्प हाती घेतं. ५२ गावं नव्या जागी हलवली जातात. घराचा आकार जमिनीवरून ठरतो. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असलेल्यांना ७५०. नवी घरं भूकंपाला टिकतील अशी आहेत. जुन्या गावातली आळी, शेजार, पार आणि गावकूस त्यांत बसत नाहीत. गुरं कुठे बांधायची, हा प्रश्न घर मिळाल्यावर पडतो.

इतर शेकडो गावांत माणसं आपली घरं स्वतः दुरुस्त करतात आणि सरकार त्यासाठी साहित्य व तांत्रिक मदत देतं. भिंतीत आरपार दगड घालायचा, कोपरे बांधायचे आणि माळवदावरची माती कमी करायची, हे गवंड्यांना शिकवलं जातं. हे शहाणपण नवीन नव्हतं. आधी ते या गवंड्यांपर्यंत नेणं कुणालाही गरजेचं वाटलेलं नव्हतं.

२००१ ते २००९. दिल्ली, माढा

२६ जानेवारी २००१ ला गुजरातमध्ये भूज हादरतं. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आपत्ती व्यवस्थापनाची राष्ट्रीय समिती नेमतात आणि तिच्या उपाध्यक्षपदासाठी विरोधी बाकांवरच्या पवारांना बोलावतात. पवारांची शिफारस म्हणजे किल्लारीचा अनुभव.

२००४ मध्ये पवार केंद्रीय कृषिमंत्री होतात. पुढची दहा वर्षं ते पद त्यांच्याकडेच राहतं. २००९ मध्ये ते बारामती सोडून माढ्यातून उभे राहतात आणि १६ मे रोजी ३,१४,४५९ मतांनी निवडून येतात. मतदारसंघात उसाचा पट्टा आहे आणि दुष्काळाचाही. उजनी धरण माढा तालुक्यातच. प्रचारात पाणी असतं, साखर असते, हमीभाव असतो. भूकंप हा या भागात निवडणुकीचा विषय कधीच नव्हता. किल्लारीतही १९९३ च्या आधी तो नव्हता.

२००२. नकाशा, पुन्हा

देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलतो. पहिला भाग काढून टाकला जातो, कारण देशात 'जवळजवळ धोका नाही' अशी जागा उरली आहे, असं आता कुणी म्हणत नाही. किल्लारीचा परिसर तिसऱ्या भागात जातो.

हिशोब

३० सप्टेंबरच्या पहाटे शासन गाफील नव्हतं. मुख्यमंत्री पावणेचारपर्यंत जागे होते, पोलीस रस्त्यावर होते, प्रत्येक जिल्ह्याकडून निरोप मागवला जात होता. इतकी सज्ज रात्र राज्याच्या इतिहासात क्वचित आली असेल. पहारा ज्या दाराने मार्चमध्ये संकट आलं होतं, त्या दारावर होता.

दुसऱ्या दाराची कडी वर्षभरापूर्वी वाजून गेली होती. १८ ऑक्टोबर १९९२ ते ३० सप्टेंबर १९९३, मध्ये ३४७ दिवस होते. एवढ्या दिवसांत ५२ गावं हलवता आली नसती. भूकंप कधी होणार, हे तेव्हा सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. पण ३४७ दिवसांत माळवदावरची माती अर्धी करता आली असती. आतल्या खोलीत झोपू नका, असं सांगता आलं असतं. पुढच्या मृगाआधी नवा थर टाकू नका, एवढं तरी सांगता आलं असतं.

ते सांगणं कुणाचं काम होतं, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. शास्त्रज्ञांचं काम मोजमापाचं, महसूल खात्याचं पंचनाम्याचं, पोलिसांचं बंदोबस्ताचं, ग्रामपंचायतीचं दिवाबत्तीचं. लहान धक्क्यानंतर घराच्या छपराचं वजन विचारणं यांपैकी कुणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं.

डिसेंबर २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं, त्याचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असतो आणि जिल्ह्याला कशापासून धोका आहे हे आधी लिहून ठेवणं ही त्याची जबाबदारी असते. लातूरला तसं आहे, धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) आहे आणि माढा ज्या जिल्ह्यात येतो त्या सोलापूरलाही आहे. १९९२ च्या ऑक्टोबरात जो प्रश्न कुणीच विचारला नाही, तो आता न विचारणाऱ्याचं नाव आणि पद ठरलेलं आहे.